मिश्रीच्या डबीतल्या चौऱ्याऐंशी गोळ्या: घरभेटीतल्या एका प्रकरणाची नोंद

दुखणं आकड्यात विचारलं की आमच्या भागातली माणसं गोंधळतात. शून्य ते दहामध्ये किती, या प्रश्नाला बरेचदा "लई" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून आमच्या सिस्टर आण्यात विचारतात. आणे चलनातून कधीच गेले, बोलण्यातून गेलेले नाहीत. पहिल्या भेटीत सिस्टरनी विचारलं, "मावशी, रुपयाला किती आणे दुखतंय?" मावशींनी आधी दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली आणि मग आणखी दोन. बारा आणे.

चौदा दिवसांनीही त्या बारा आणेच म्हणत होत्या. तोवर मॉर्फिन या जबर वेदनाशामकाचा डोस कागदावर दुप्पट झाला होता. हे प्रकरण लिहायचं कारण तेच आहे. आमच्यातला प्रत्येकजण आपापलं काम नीट करत होता, वह्या भरलेल्या होत्या, आणि बाई दिवसभर दुखणं सोसत पडून होत्या.

मी या टीममध्ये समाजसेविका आहे. आमचं केंद्र पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांचं दुखणं हलकं करण्याचं; तालुक्याच्या गावी, पश्चिम महाराष्ट्रात. एका धर्मादाय संस्थेच्या थोड्या खाटा आहेत, पण खरं काम गाडीतून होतं. एक डॉक्टर मॅडम, दोन सिस्टर, मी, औषधसाठा सांभाळणारे फार्मासिस्ट आणि आठवड्यातून दोन दिवस येणारी समुपदेशक. फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ बोलावलं की येतात. गाडी चालवणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत.

रुग्ण आणि घर

मावशींचं वय ६१. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, शिक्षण चौथीपर्यंत. पोरवयापासून मिश्रीची सवय. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग. शहरातल्या रुग्णालयात महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. अकरा महिन्यांनी गाठ पुन्हा आली, या वेळी मानेत उतरली. तिथल्या डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून सांगितलं आणि कागदावर आमच्या केंद्राचा फोन लिहून दिला.

पहिल्या दिवशी दिसलं ते असं. गालाला आरपार भोक, जबड्याखाली फुटलेली जखम, दारातूनच येणारा वास. नाकातून जठरापर्यंत राइल्स ट्यूब, तिच्यातून पातळ अन्न. जीभ नीट वळत नसल्याने बोलणं घोगरं. घरच्यांना साठ टक्के कळायचं, आम्हाला जेमतेम वीस. घरात थोरला मुलगा, सून, त्यांचा सात वर्षांचा मुलगा. धाकटा पुण्याला कंपनीत. आणि एक मुलगी, लग्न मोडून चार वर्षांपूर्वी माहेरी आलेली.

त्या मुलीबद्दल मी माझ्या फॉर्ममध्ये लिहिलं होतं: "मुलगी – माहेरी, नांदत नाही." एवढंच. पुढचा रकाना उत्पन्नाचा होता, मी तिकडे वळले.

घाई होती म्हणून, दुसरं काही कारण नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायचा होता, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला हवा होता, रेशन कार्डावर नाव चुकलेलं होतं. समाजसेविका म्हटलं की लोकांना कागदपत्रं करून देणारी बाई वाटते. त्या दिवशी मलाही तसंच वाटत होतं. शिवाय मी सगळी माहिती थोरल्या मुलासमोर बसून घेतली. आईचं बोलणं तोच उलगडून सांगत होता.

पहिले चौदा दिवस

डॉक्टर मॅडमनी ट्रामाडॉल हे सौम्य वेदनाशामक बंद करून तोंडी मॉर्फिन सुरू केलं. १० मिलिग्रॅमची गोळी, दर चार तासांनी: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० वाजता दुप्पट, म्हणजे मधल्या रात्री कुणाला उठावं लागत नाही. दिवसाला सहा गोळ्या. सोबत पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठता होतेच. मळमळ चार-पाच दिवसांत सरते, ही सरत नाही. पाचव्या दिवशी बारा आणेच, म्हणून डोस १५ केला. नवव्या दिवशी २०. आता दिवसाला बारा गोळ्या. हे आकडे या एका रुग्णापुरते आहेत, कुणी उचलून वापरायचे नाहीत.

मॉर्फिन तालुक्याच्या मेडिकल दुकानात मिळत नाही. अंमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्याने त्यावर इतकी कुलपं लावली की पुढची अनेक वर्षं कर्करोगाचे रुग्ण विव्हळत गेले. २०१४च्या दुरुस्तीने वाट थोडी सोपी झाली. आता मान्यताप्राप्त संस्थेत ते ठेवता येतं, पण गोळी न् गोळी वहीत चढवावी लागते. आमचे फार्मासिस्ट त्याबाबतीत सासूबाई आहेत. नवी पाकिटं द्यायची तर जुनी रिकामी परत आणा, असा त्यांचा नियम. मावशींच्या घरची रिकामी पाकिटं दर वेळी चोख परत येत होती.

जखमेचं काम सिस्टरचं. मिठाच्या कोमट पाण्याने धुणं, मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड करून जखमेवर भुरभुरणं, वर गॉज. तीन दिवसांत वास निम्म्यावर आला आणि नातू पहिल्यांदा आजीच्या गोधडीवर येऊन बसला. त्या आठवड्यात आमच्या हातून नीट झालेलं काम हे एवढंच.

आहारतज्ज्ञ बाईंनी नळीतून काय द्यायचं ते घरातल्याच वस्तूंतून बसवून दिलं: नाचणीची पेज, मूगडाळीचं गाळलेलं पाणी, ताक, दूध. डोकं उंच ठेवायचं, एका वेळी पेलाभर, शेवटी साध्या पाण्याने नळी धुवायची. सिस्टरनी सुनेला गोळी कुटून पाण्यात विरघळवून सिरिंजने नळीत कशी सोडायची ते शिकवलं. दुसऱ्याच भेटीत मावशींनी हाताने खूण करून सिरिंज स्वतःकडे मागून घेतली. मी करते. सिस्टरला फार बरं वाटलं. त्यांनी नोंद केली: "रुग्ण स्वतः नळीतून औषध व अन्न घेते. आत्मविश्वास चांगला." सूनही सुटली. तिला दोन म्हशी आणि शाळेत जाणारं पोर होतं. ती वेळेवर पाकिटातून गोळी काढून वाटीत ठेवायची आणि गोठ्याकडे जायची.

सोमवारची बैठक

दर सोमवारी अकरा वाजता आमची आढावा बैठक असते. नवव्या ते चौदाव्या दिवसामधल्या सोमवारी मावशींची फाइल निघाली. काय बोललं गेलं ते मी नंतर वहीवरून पुन्हा वाचलं, आणि वाचताना लाज वाटली.

सिस्टर म्हणाल्या, शौचास रोज साफ होतंय, औषध लागू पडलंय. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गुंगी अजिबात नाही, मॉर्फिनने डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात तशाही झालेल्या नाहीत, म्हणजे डोस आणखी वाढवायला वाव आहे. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, बाई नळीतून घेताना दार लोटून घेतात, कुणी बघितलेलं आवडत नाही. दुसऱ्या सिस्टर म्हणाल्या, रात्री झोप छान लागते, दुखणं दिवसाचंच आहे. मी म्हणाले, निराधारचा अर्ज तहसीलला गेला.

दिवसाला १२० मिलिग्रॅम मॉर्फिन घेणाऱ्या बाईला बद्धकोष्ठता नाही, गुंगी नाही, बाहुल्या नेहमीसारख्या, दुखणं फक्त दिवसा आणि औषध दाराआड. हे सगळं एकाच टेबलावर, पाच मिनिटांच्या आत, पाच तोंडांनी बोललं गेलं. प्रत्येकीने आपला तुकडा वाचला आणि पान उलटलं.

सहावा तुकडा त्या खोलीत नव्हताच. मामा बाहेर गाडी धूत होते. घरभेटीला गेलं की आम्ही आत असतो आणि मामा ओट्यावर, गावातल्या बाप्यांबरोबर. त्यांना दुसऱ्याच भेटीत कळलं होतं की मावशींच्या नावावर ओढ्यापलीकडे २० गुंठे आहेत, त्यांच्या वडिलांनी दिलेले. थोरला ते कसतो, आणि "म्हातारीच्या मनात ते पोरीला द्यायचंय." त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही. "घरच्या भानगडी, मॅडम. आपण औषध द्यायला जातो," असं ते नंतर म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. आम्हीच त्यांना तसं शिकवलं होतं.

डबी

चौदाव्या दिवशी जखमेतून जास्त स्राव झाला होता. उशी ओली झाली म्हणून सिस्टरनी अभ्रा बदलायला घेतला. उशीच्या पोटातून पत्र्याची छोटी डबी निसटून फरशीवर पडली, खुळखुळली. मिश्रीची डबी.

"मावशी, सोडली म्हणालात की!" सिस्टर हसत म्हणाल्या आणि झाकण उघडलं. आत मॉर्फिनच्या गोळ्या होत्या.

सिस्टरनी ड्रेसिंगच्या ट्रेवर मोजल्या. काही अर्धुकं होती, १५च्या डोसाच्या दिवसांतली. अर्धी-अर्धी जोडून ८४ भरल्या. हिशेब लागला: पहिले पाच दिवस रोज चार, पुढचे चार दिवस रोज सहा, नंतरचे पाच दिवस रोज आठ. दिवसाचा एकही डोस त्यांनी घेतला नव्हता. फक्त रात्रीचा घेत होत्या, तो मात्र पूर्ण. गोळी वाटीतून डबीत जायची आणि नळीत साधं पाणी. रिकामं पाकीट अर्थात वेळेवर परत.

सिस्टर बाहेर आल्या आणि त्यांनी मॅडमना फोन केला. त्या पाच मिनिटांत दोन निर्णय झाले, दोन्ही महत्त्वाचे.

पहिला डॉक्टरांचा. कागदावरचा डोस तत्काळ रद्द. आता घरच्यांनी घाबरून, समोर उभं राहून पूर्ण १२० मिलिग्रॅम द्यायला सुरुवात केली असती, तर शरीराला सवय होती ४० मिलिग्रॅमची, तीही रात्री एकदाच. एकदम तिप्पट झालं असतं. म्हणून पुन्हा १० मिलिग्रॅमवर यायचं, दर चार तासांनी, आणि दोन दिवस रोज भेट. डोस वाढवताना "किती लिहिलं" यापेक्षा "पोटात किती गेलं" हे विचारायचं असतं, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पाठ असलेलंच विसरतं माणूस.

दुसरा निर्णय सिस्टरचा. एवढा साठा कशासाठी, हे त्यांनी तिथं विचारलं नाही. मुलासमोर, सुनेसमोर विचारण्याचा तो प्रश्न नव्हता. डबीतल्या गोळ्या ताब्यात घेतल्या, मावशींच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उद्या आमच्या ताई येतील, त्यांच्याशी बोला." ताई म्हणजे समुपदेशक.

आमच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. ८४ गोळ्या ही जीव द्यायला पुरेशी तयारी असते.

पाटी

समुपदेशकाचं काम म्हणजे गोड बोलून धीर देणं, असा समज आमच्या केंद्रातही होता. दुसऱ्या दिवशी तिने घरच्यांना मागच्या पडवीत पाठवलं, दार लावलं, मला कोपऱ्यात बसू दिलं आणि आढेवेढे न घेता विचारलं, "मावशी, या गोळ्या एकदम घेऊन जीव द्यायचं मनात होतं का?"

असं थेट विचारलं की नसलेला विचार डोक्यात येतो, हा एक गैरसमज आहे. मावशींना उलट हसू फुटलं, गालाच्या भोकातून हवा गेली. घोगऱ्या आवाजात काही बोलल्या, ते तिसऱ्यांदा आम्हाला कळलं. "मरायला गोळ्या कशाला? ते चाललंयच की."

मग त्यांनी नातवाची पाटी मागितली. पेन्सिल धरायला वेळ लागला. अक्षरं मोठी, वाकडी, पण स्वच्छ. "सही होऊ द्या मग घेते."

उलगडा व्हायला तासभर गेला, चार वेळा पाटी पुसली. त्यांना ती २० गुंठे मुलीच्या नावे मृत्युपत्राने द्यायची होती. तसं न केलं तरी कायद्याने तिघांना सारखा वाटा आहेच. पण गावात वाटा आणि ताबा या दोन निराळ्या गोष्टी, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. दिवस घातल्यावर बहिणीला तालुक्याला नेतात, हक्कसोडपत्रावर सही घेतात, साडीचोळी करतात. आपली मुलगी नाही म्हणू शकणार नाही, याची त्यांना खात्री होती. कुणीतरी जाणत्या माणसाने सांगितलं होतं की गुंगीच्या गोळ्या चालू असताना केलेलं मृत्युपत्र कोर्टात टिकत नाही. म्हणून दिवसा डोकं साफ ठेवायचं. कुणी वकील घरी येईल, मुलगा कारखान्यावर गेलेला असेल, असा एक दिवस मिळेपर्यंत. रात्री सही होत नाही, म्हणून रात्रीची गोळी घ्यायची. टाकून का दिल्या नाहीत? त्यावर पाटीवर आलं: "औशध हाय. टाकायचं नसतं."

सिसिली सॉन्डर्स या बाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांना सांभाळणारं ठिकाण, सुरू केलं. त्या आधी परिचारिका होत्या, पाठीच्या दुखण्याने ते सुटलं, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या, मग वैद्यक शिकून १९५७ मध्ये डॉक्टर. तिन्ही खुर्च्यांवर एकच बाई बसलेली. शरीराचं, मनाचं, नात्यागोत्याचं आणि श्रद्धेचं दुखणं मिळून एकच "संपूर्ण वेदना" असते, ही कल्पना त्यांची. प्रशिक्षणात आम्ही तिची चार खणांची आकृती काढतो. आमची चूक अशी की खण चौघींत वाटून घेतले. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं, ती खाटांची सोय होती. १९९३ नंतर केरळातल्या कोझिकोडहून जी पद्धत पसरली तिने काम रुग्णाच्या घरात नेलं. घरात गेलं की घराचं सगळंच समोर येतं, सातबाऱ्यासकट.

कुणी काय केलं

त्या संध्याकाळी टीममध्ये वाजलं. मॅडमचं म्हणणं, वाटणीत आपण पडायचं नाही. उद्या थोरला भाऊ म्हणेल, केंद्रवाल्यांनी आईला फितवलं. पुढच्या गावी आपल्याला दार उघडणार नाहीत. हे खोटं नव्हतं. समुपदेशक म्हणाली, या बाईंचा पुढचा डोस ती सही आहे. मी गप्प होते, कारण हे पहिल्याच दिवशी मला कळायला हवं होतं.

तोडगा कामाची हद्द आखून निघाला. मृत्युपत्रात काय लिहायचं, कुणाला काय द्यायचं, यावर आमच्यापैकी कुणी अवाक्षर बोलायचं नाही. पण त्यांना वकील मिळवून देणं हे माझं काम. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७च्या कायद्यानुसार बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे मी अर्ज नेला, वकीलबाई तिसऱ्या दिवशी आल्या. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत, हे त्यांनी मावशींना सावकाश समजावलं. साक्षीला गावातले निवृत्त गुरुजी आणि शेजारची बाई. आमच्यापैकी कुणीही साक्षीदार नाही.

डॉक्टरांचं काम सगळ्यांत नाजूक. मॉर्फिन चालू असलं तरी ठरलेल्या, सवयीच्या डोसावर माणूस शुद्धीत असतो, निर्णय घेऊ शकतो. पण ते गृहीत धरून चालत नाही, तपासावं लागतं. मॅडमनी दोन वेगवेगळ्या दिवशी, गोळी पोटात गेल्यानंतर तासाभराने, एकटीला बसवून विचारलं. आज वार कोणता? मुलं किती? जमीन किती, कुठं? कुणाला देताय, बाकीच्यांना का नाही? दोन्ही दिवशी पाटीवर तीच उत्तरं आली. शेवटच्या प्रश्नाला पहिल्या दिवशी लिहिलं, "तेंना हाय." दुसऱ्या दिवशी, "तिला कोन हाय." मॅडमनी दाखला दिला, त्यात औषधाचा डोस आणि वेळही लिहिली.

गोळी घेऊनही डोकं साफ राहतं, हे मावशींना दाखल्यापेक्षा त्या दोन दिवसांनी पटवलं. सोळाव्या दिवशी आठ आणे. अठराव्या दिवशी सकाळी सही झाली. त्या दिवशी दुपारी चार आणे म्हणाल्या आणि दोनचा डोस दार उघडं ठेवून घेतला.

थोरल्याला त्यांनी स्वतःच सांगायचं ठरवलं. मी आणि समुपदेशक हजर होतो, बोलल्या त्या. तो उठून गेला. दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाही. शेतीपंपाची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, तो पहाटेपर्यंत उसाला पाणी देत असायचा. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी सांगितलं, की पहाटे शेतावरून येतो, हातपाय धुतो आणि सहाचा डोस तोच देतो. काही बोलत नाही. मी त्याचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं.

गडद रंगाचे टॉवेल

बाविसाव्या दिवशी मानेच्या जखमेतून थोडं लाल रक्त आलं, दाबल्यावर थांबलं. मॅडमना जे भय होतं ते हेच. गाठ मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला भिडलेली होती. ती फुटली तर दोन-चार मिनिटांचा खेळ असतो, आणि घरच्यांनी पाहिलेलं ते दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढून जन्मभर जात नाही.

हे घरच्यांना सांगायचं की नाही, यावर आता वाद झाला नाही. का होऊ शकतं हे मॅडमनी सांगितलं. झालं तर काय करायचं हे सिस्टरनी, करून दाखवून. खाटेजवळ चार टॉवेल ठेवायचे, गडद तपकिरी. पांढरं धोतर, पांढरा अभ्रा जवळपास नको; पांढऱ्यावर वाटीभर रक्त बादलीभर दिसतं. टॉवेल जखमेवर दाबायचा. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे उशाशी, त्याने भीती आणि शुद्ध दोन्ही ओसरतात. फोन शोधायला पळायचं नाही, हात धरून बसायचं. नातवाला शेजारी न्यायचं काम आधीच एकाकडे सोपवून ठेवायचं.

आणि हे कुणाला झेपेल, ते ओळखणं माझं काम. सून नाही म्हणाली, रक्त बघवत नाही. मुलीने मान हलवली, पण तिचे हात थरथरत होते. थोरला म्हणाला, "मी दाबीन." सिस्टरनी त्याच्याकडून तीनदा करून घेतलं. स्वतःच्या मांडीवर टॉवेल दाबून त्याने विचारलं, "इतकं?" सिस्टर म्हणाल्या, "याहून थोडं हळू."

टीम म्हटलं की लोक डॉक्टर आणि नर्स एवढेच धरतात. त्या घरात शेवटच्या आठवड्यात सगळ्यांत अवघड काम शिकलेला माणूस थोरला मुलगा होता. आशाताईंनी रोज सकाळी डोकावून रात्रीची खबर सिस्टरना फोनवर द्यायची, हेही तेव्हाच ठरलं. मामांनी ओळखीतून एअरबेड आणला. फिजिओथेरपिस्टने कूस बदलायची युक्ती शिकवली. शेजारच्या बाया रोज तिन्हीसांजेला येऊन दारात भजन म्हणायच्या. आमच्यापैकी कुणीही ती सोय केली नव्हती.

शेवट आणि नंतर

रक्तवाहिनी फुटली नाही. एकोणतिसाव्या दिवसापासून मावशी झोपेतच जास्त होत्या, नळीतलं अन्न अंगी लागेना म्हणून कमी करत बंद केलं. मॉर्फिन कातडीखालच्या बारीक सुईतून सुरू झालं. घशात घरघर सुरू झाली, तेव्हा मुलगी घाबरली. सिस्टरनी कुशीवर वळवलं, स्राव कमी करणारं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, हा आवाज आपल्याला त्रास देतो, त्यांना नाही. एकतिसाव्या दिवशी पहाटे साडेचारला केंद्राच्या रात्रीच्या फोनवर थोरल्याचा आवाज आला. "१०८ ला लावू का?" ज्या सिस्टरकडे त्या रात्री फोन होता त्यांनी विचारलं, श्वास कसा आहे, गुडघे गार पडलेत का, मुलगी कुठं आहे. मग म्हणाल्या, "लावायची असेल तर लावा, चूक नाही. पण मी निघालेच आहे." त्याने लावली नाही. मुलीने तुळशीपत्र ठेवून चमच्याने ओठ ओले केले. आम्ही पोचलो तेव्हा सगळं झालं होतं.

मॅडमनी मृत्यूच्या कारणाचा दाखला तिथंच, नमुना ४अ वर लिहून दिला. घरी मृत्यू झाला की या कागदावाचून लोकांची फार ससेहोलपट होते. २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद झाली.

त्यानंतर आमच्याकडे दोन-तीन गोष्टी बदलल्या. सोमवारच्या बैठकीला मामा बसतात, आणि पहिली दहा मिनिटं फाइल बंद ठेवून बोलायची. पहिल्या भेटीत घरातल्या प्रत्येक बाईशी मी एकटीने बोलते, आधी तेच, फॉर्म नंतर. आणि डोस वाढवण्याआधी सिस्टर एक डोस डोळ्यांसमोर घ्यायला सांगतात. शेवटच्या नियमावर अजून एकमत नाही. समुपदेशकाला तो पोलिसी वाटतो, आणि तिचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही.

तेराव्यानंतर आठवड्याने आम्ही भेटीला गेलो. ओट्यावर थोरला आणि मामा बोलत बसले. फेरफाराचा अर्ज अजून कुणी दिलेला नाही. त्याने आमच्याकडे विषय काढला नाही, आम्हीही नाही. चार तपकिरी टॉवेल धुऊन, घडी करून दोरीशेजारी ठेवले होते. सूनबाई म्हणाली, म्हशीला वापरू का, चांगले आहेत.

मुलीने आतून उरलेलं औषध आणून दिलं. पाकिटं फाटली होती म्हणून सुट्या गोळ्या तिने त्याच मिश्रीच्या डबीत भरल्या होत्या. सिस्टरनी ट्रे मांडीवर घेतला आणि मोजायला सुरुवात केली. सत्तावीस. मी वहीत लिहिलं, मुलीची सही घेतली. डबी परत हवी का, असं सिस्टरनी विचारलं. ती म्हणाली, द्या.